चांदणीखालचे वाङ्मय

मराठी समीक्षेने आजवर कवितेला न्याय दिला, कथेला दिला, कादंबरीला दिला. नाटकाला तर न्याय आणि शिक्षा दोन्ही दिल्या. पण ज्या वाङ्मयप्रकाराचा खप सर्वांत मोठा, ज्याचा वाचक एकेका अक्षरावर विश्वास ठेवून खिशात हात घालतो, आणि जो वर्षातून पाच-सहा वेळा वर्तमानपत्राचे अख्खे पहिले पान बळकावून देशोदेशीच्या राष्ट्राध्यक्षांना आत हाकलतो, त्या सेलच्या जाहिरातीकडे एकाही समीक्षकाने ढुंकून पाहिलेले नाही. हे काम शेवटी माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या माणसावर येऊन पडावे, ही खेदाची गोष्ट आहे. असो.

मी बँकेत क्लार्क आहे. हल्ली या पदाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. नाव बदलले तरी खुर्ची तीच आहे, आणि तिचा डावा पायही तसाच डुगडुगतो. वाङ्मयाचा माझा अभ्यास नाही हे खरे; पण दुसऱ्याने लिहिलेल्या कागदात खोट काढणे हाच जर समीक्षकाचा मुख्य गुण असेल, तर वीस वर्षे रोज दीडशे व्हाउचरे तपासणाऱ्या माणसाला अपात्र कोण म्हणेल?

सेलच्या जाहिरातीत साड्या असतात, मिक्सर असतात, भिंतीएवढे टीव्ही असतात. त्या सगळ्यांचा परामर्श घ्यायचा तर ग्रंथच होईल. म्हणून प्रस्तुत लेखात फक्त लॅपटॉपच्या जाहिरातींचा विचार केला आहे. साडी घेणाऱ्या वाचकाकडे आधीच्या साड्या असतात. मिक्सर बिघडला तर पाटा-वरवंटा नसला तरी शेजारीण असते. पण लॅपटॉपची जाहिरात वाचणारा विद्यार्थी तीत जीव गुंतवून वाचतो. त्याच्याजवळ मोजके पैसे असतात, ते एकदाच खर्चायचे असतात, आणि त्यातून आलेले यंत्र चार वर्षे पुरवायचे असते. इतका एकाग्र वाचक भल्याभल्या कादंबरीकारांच्या नशिबी येत नाही.

कोणत्याही कलाकृतीचा काळ आधी पाहावा असे म्हणतात. आपल्या पूर्वजांनी वर्षाला साडेतीन मुहूर्त पुरेसे मानले. त्यांतला अर्धा कोणता, यावर आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत अजूनही वाद होतो. सेलवाल्यांना साडेतीन पुरले नाहीत. जानेवारीत प्रजासत्ताक दिनाचा सेल, मग पाडव्याचा, जुलैत वर्गणी भरणाऱ्या सभासदांचा, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाचा, पाठोपाठ गणपतीचा, मग दसरा-दिवाळीचा, आणि नोव्हेंबरात 'ब्लॅक फ्रायडे'चा. अमेरिकेत नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी आभार मानण्याचा सण असतो आणि दुसऱ्या दिवशी खरेदी असते. आपण आभार तेवढे गाळले आणि खरेदी जशीच्या तशी उचलली.

यांतला राजा म्हणजे दिवाळीचा सेल. पण 'दिवाळीचा' या विशेषणावर विसंबून जो दिवाळीपर्यंत थांबतो, त्याला पंचांग येते, सेल येत नाही. अॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट या दोघांचाही हा मोठा सेल २०२३ साली ८ ऑक्टोबरला सुरू झाला आणि २०२४ साली २७ सप्टेंबरला. दोन्ही वेळा पितृपक्ष चालू होता. ज्या पंधरवड्यात आपल्याकडे कोणी नवा रुमालसुद्धा घेत नसे, त्यात लोकांनी मोबाइल, फ्रिज आणि लॅपटॉप घेतले, आणि पितरांनी तक्रार केल्याचे कुठे वाचनात आले नाही. २०२५ साली मात्र मुहूर्त जमला. सेल २३ सप्टेंबरला, म्हणजे नवरात्रात सुरू झाला. लक्ष्मीपूजनाला तेव्हा चार आठवडे होते. तात्पर्य, सेलच्या काळाचा सणाशी संबंध ऐतिहासिक कादंबरीचा इतिहासाशी असतो तेवढाच असतो. नाव घ्यायचे, पोशाख चढवायचा, आणि पुढे आपल्या सोयीने चालायचे.

आता भाषेकडे वळू. मराठी व्याकरणात शब्दयोगी अव्यय म्हणून एक गरीब जात आहे. नामाच्या मागे निमूट चालायचे आणि परीक्षेत दोन मार्कांना यायचे, एवढेच तिचे आयुष्य. सेलच्या जाहिरातीने या जातीतल्या दोघांना एकदम नायकपद दिले: 'पासून' आणि 'पर्यंत'. 'लॅपटॉप १९,९९० पासून' आणि 'सूट ६० टक्क्यांपर्यंत'. आकडा मुठीएवढा असतो आणि अव्यय मुंगीएवढे, पण सगळे कथानक मुंगीच्या पाठीवर उभे असते. १९,९९०ला जो लॅपटॉप असतो तो घेऊन इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला काय करता येईल, तर तो उघडता येईल आणि मिटता येईल. आणि ६० टक्के सूट ज्या वस्तूवर असते ती लॅपटॉप नसून त्याची पिशवी असते. दोन्ही विधाने सत्य आहेत. उत्तम वाङ्मय असत्य बोलत नाही, ते वाचकाला स्वतःहून गैरसमज करून घेऊ देते.

करुणरसासाठी फुली मारलेल्या किमतीची योजना असते. आधी ७४,९९९ हा आकडा, त्याच्या छातीतून आरपार एक रेघ, आणि शेजारी ४४,९९०. वाचकाचा कंठ दाटून येतो. तीस हजार रुपये! पण या वध झालेल्या किमतीचे चरित्र पाहावे तर ती कधी जगलेलीच नसते. ती वस्तूवर छापलेली कमाल किरकोळ किंमत. कमाल म्हणजे याहून जास्त घेऊ नये अशी मर्यादा. एवढीच घेतात असा तिचा अर्थ नाही. ४४,९९०चा लॅपटॉप सेलच्या आधीच्या मंगळवारी ४६,५०० ला मिळत असेल, तर खरी सूट १,५१० रुपये. बाकीचे अठ्ठावीस हजार काल्पनिक पात्रे. युरोपीय संघात २८ मे २०२२ पासून असा नियम लागू आहे की सूट जाहीर करताना त्याआधीच्या निदान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. म्हणजे तिकडे पात्राने मरण्यापूर्वी जगल्याचा दाखला द्यावा लागतो. अशा अटी घातल्यावर तिथे करुणरस कितपत टिकला असेल, याची शंकाच आहे.

रसांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात आठ रस सांगितले, नववा शांत नंतर आला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वे काढून इंटरनेटवरच्या विक्रीतल्या फसव्या युक्त्यांचे एकदम तेरा प्रकार पाडले. भरतमुनी पाचांनी मागे पडले. त्यांत 'खोटी घाई' आहे: 'फक्त २ शिल्लक, ४७ जण पाहत आहेत', आणि शेजारी सेकंद मोजणारे घड्याळ. न मागता टोपलीत टाकलेली वस्तू आहे. लॅपटॉप घ्यायला जावे आणि पैसे भरताना पाहावे तो सोबत विमा बसलेला. किंमत थेंबाथेंबाने वाढवत नेणे आहे. नकार देणाऱ्याला लाजवणे आहे: 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' या बटणावर बोट ठेवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सासुरवाडीला चौथी पोळी नाकारताना जी मनःस्थिती होते तीच इथे होते. सरकारने या सगळ्यांवर बंदी घातली आहे. बंदी घातलेल्या वाङ्मयाचा खप वाढतो, हा अनुभव मात्र जुना आहे.

आता या वाङ्मयाचा आत्मा, म्हणजे चांदणी. आकड्याच्या उजव्या खांद्यावर ती टिमटिमत असते आणि तिचा अर्थ पानाच्या तळाशी, साबुदाण्याच्या दाण्यात मावेल अशा अक्षरात दिलेला असतो. '१० टक्के तात्काळ सूट*' असे वर गर्जून झाले की खाली चांदणी पुटपुटते, 'कमाल १,५०० रुपये, ठरावीक बँकांच्या ठरावीक कार्डांवर.' ही ठरावीक बँक कोणती? माझा वीस वर्षांचा अनुभव असा की ती आपली कधीच नसते. मी स्वतः बँकेत आहे, पण माझ्या बँकेच्या कार्डावर सूट असलेला सेल मी अजून पाहिलेला नाही. नवराबायकोंनी वेगवेगळ्या बँकांत खाती ठेवावीत असे मी ग्राहकांना सांगतो, ते त्यांच्यातल्या विश्वासाच्या प्रश्नामुळे नव्हे, या चांदणीमुळे.

'नो कॉस्ट ईएमआय' हा या वाङ्मयातला चमत्काराचा प्रसंग. त्याच्यावर लिहिण्याचा अधिकार माझ्याइतका मराठीत कोणाला नसेल. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावले की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. मग हा चमत्कार घडतो कसा? समजा लॅपटॉप ५०,००० रुपयांचा, हप्ते सहा, व्याजाचा दर वर्षाला १५ टक्के. किमतीतून आधी २,११७ रुपये वजा करायचे. उरलेले ४७,८८३ कर्ज म्हणून दाखवायचे. त्यावर सहा महिन्यांचे व्याज किती होते? २,११७! डाव्या खिशातून काढले, उजव्या खिशात घातले, आणि ग्राहक टाळ्या वाजवतो. पण टाळ्यांच्या गजरात त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३८१ रुपये, हळूच वेगळा निघतो. शिवाय प्रक्रिया शुल्क, आणि त्या शुल्कावर पुन्हा जीएसटी. रक्कम मोठी नाही. पण ज्याच्या नावातच 'नो कॉस्ट' आहे त्याने पाचशेच्या घरात जावे, हे पात्राच्या स्वभावाशी विसंगत वाटते.

एवढी चिकित्सा कृतीची झाली. पण कृती रसिकावाचून अपुरी. लॅपटॉपच्या सेलचे दोन रसिक मला जवळून पाहायला मिळाले आहेत.

पहिले आमचे हेडकॅशिअर. त्यांचा पंथ प्रतीक्षेचा. मुलगा बारावी झाला तेव्हा, २०१९ साली, त्याला लॅपटॉप घ्यायचा असे त्यांनी ठरवले आणि योग्य सेलची वाट पाहायला बसले. "अहो, घाई कशाला? गणपतीत उतरेल." गणपतीत उतरला तेव्हा ते म्हणाले, "उतरतोय म्हणजे आणखी उतरणार. दिवाळी बघू." २०२० साली सगळी शाळा-कॉलेजे घरात आली, लॅपटॉप दुकानातून नाहीसे झाले, तेव्हा ते म्हणाले, "आत्ता घेणारा मूर्ख." २०२३च्या ऑगस्टात त्यांचा निश्चय पक्का झाला होता. तोच ३ तारखेला सरकारने लॅपटॉपच्या आयातीला परवाना सक्तीचा केला. दुसऱ्या दिवशी ती सक्ती ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलली. अशा अस्थिर काळात पैसे गुंतवणे त्यांना धोक्याचे वाटले. १५ ऑगस्ट २०२५ला जीएसटी कमी होणार असल्याची घोषणा झाली, तेव्हा हेडकॅशिअर सबंध शाखेत पेढे वाटायचेच बाकी होते. २२ सप्टेंबरपासून नवे दर आले. मोठ्या टीव्हीवरचा कर २८वरून १८ टक्क्यांवर उतरला. लॅपटॉपवर आधीही १८ होता, नंतरही १८च राहिला.

दरम्यान मुलगा मित्रांच्या लॅपटॉपवर बी.कॉम. झाला, एका कंपनीत नोकरीला लागला आणि कंपनीने त्याला लॅपटॉप दिला. हेडकॅशिअर त्या दिवशी माझ्या काउंटरशी येऊन म्हणाले, "बघा, थांबल्याचा फायदा! फुकटात पडला."

दुसरी रसिक माझी भाची. ती इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते आणि रविवारी आमच्याकडे डोंबिवलीला जेवायला येते. माझी बहीण चिपळूणला शिवणकाम करते. भाचीच्या लॅपटॉपचे अंदाजपत्रक असे होते: दोन वर्षे शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन तिने साठवलेले २६,००० रुपये, आईची मुदत ठेव पिकून आलेले १२,००० आणि मामाचे ७,०००. एकूण ४५,००० रुपये. त्यात चांदणी कुठेही नव्हती.

२०२५चा जुलै चालू होता. सौभाग्यवती वाढता वाढता म्हणाली, "अगं, दोन-अडीच महिन्यांत दसऱ्याचा सेल येतोय. दोन वर्षं काढलीस, आणखी थोडं थांब. काय अडलंय?"

भाचीने आमटीचा भुरका घेतला आणि शांतपणे म्हणाली, "मामी, आमचे प्रोजेक्ट चौघांत मिळून असतात. ज्याच्याकडे लॅपटॉप असतो तो प्रोग्राम लिहितो. ज्याच्याकडे नसतो तो फाईलला कव्हर घालतो. दोन वर्षं मी फार सुबक कव्हरं घातली."

पानावर कोणी काही बोलले नाही. सौभाग्यवतीने तिला आणखी एक पोळी वाढली आणि तिने ती नाकारली नाही.

कॉलेजची प्रयोगशाळा पाचला बंद होई. पुढे हॉस्टेलजवळचा सायबर कॅफे, तासाला चाळीस रुपये, आणि तोही नऊपर्यंत. रात्री मैत्रीण झोपल्यावर तिचा लॅपटॉप मिळे. पण त्यासाठी मैत्रिणीला झोप यावी लागे, आणि हल्लीच्या मुलींना ती दोनच्या आधी येत नाही. मग मी तिला घेऊन एका शनिवारी लॅमिंग्टन रोडला गेलो. ग्रँट रोड स्टेशनवरून उतरले की या रस्त्यावर अर्ध्या मुंबईचे संगणक जन्माला येतात आणि उरलेल्या अर्ध्यांवर उत्तरक्रिया होते. एका दुकानदाराने वापरलेला, पुसून चकचकीत केलेला लॅपटॉप १८,००० ला पुढे केला. मला तो आवडला. भाचीने विचारले, "प्रोसेसर कितव्या पिढीचा?"

दुकानदार म्हणाला, "सहाव्या. पण मशीन घोडा आहे, मॅडम."

ती म्हणाली, "विंडोज दहाचा सपोर्ट १४ ऑक्टोबरला संपतोय, आणि विंडोज अकरा या घोड्यावर अधिकृतपणे बसत नाही."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिले. मी पंख्याकडे पाहिले. आमच्या घराण्यात पिढी बदलायला पंचवीस वर्षे लागतात. प्रोसेसरची जवळजवळ दरवर्षी बदलते, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या अलीकडे आल्याशिवाय विंडोज अकराच्या मांडवात सहसा प्रवेश नाही, हे ज्ञान मला तिथे भर रस्त्यात झाले.

तिने एक वही ठेवली होती. ती पाहून मला आमच्या जुन्या लेजरची आठवण झाली. पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात तिने निवडलेली तीन मॉडेले, तिसऱ्यात त्या दिवशीचा भाव. फुली मारलेली किंमत तिने कुठेच लिहिली नव्हती. चौथ्या रकान्यात बारीकसारीक: विंडोज आत आहे की वेगळे घ्यावे लागेल, आणि मेमरी नंतर वाढवता येते की बोर्डालाच कायमची जोडलेली आहे. जाहिरातीत '८ जीबी' एवढेच असते. ती ८ जीबी जन्मभराची आहे की बढतीला वाव आहे, हे सांगत नाहीत. बँकेच्या नोकरीच्या जाहिरातीतही सांगत नाहीत. वहीच्या पहिल्या पानावर दोनच ओळी होत्या: 'जास्तीत जास्त ४३,०००. उशिरात उशिरा १० ऑगस्ट.' दहा ऑगस्टला प्रोजेक्टचे गट पडायचे होते.

वाचकहो, सेलच्या सगळ्या जाहिराती मी वाचल्या आहेत. त्यांत 'उशिरात उशिरा' ही तारीख नेहमी त्यांची असते. वाचकाने आपली तारीख लिहून ठेवलेली मी प्रथमच पाहिली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्वातंत्र्यदिनाचा सेल लागला. तिच्या यादीतले दुसरे मॉडेल ४२,४९० वर आले. तीन आठवड्यांच्या भावांत हा सर्वांत कमी होता. सौभाग्यवतीच्या बँकेच्या कार्डावर १,५०० सुटले आणि ५ तारखेला लॅपटॉप ४०,९९० ला घरी आला. वाढीव वॉरंटी, अँटीव्हायरस आणि 'फक्त ४९९मध्ये' येणारा माउस या तिघांना तिने लाजवले जाऊनही नकार दिला. उरलेल्या पैशांतून २,१०० ची ८ जीबीची मेमरीची पट्टी आणून स्वतः बसवली. मी टॉर्च धरला होता.

२३ सप्टेंबरला हेडकॅशिअर सकाळी सव्वादहाला वर्तमानपत्राचे पहिले पान माझ्या टेबलावर पसरून उभे. तेच मॉडेल, कार्डाची सूट धरून, ३९,१९०! "अठराशे रुपये, जोशीबुवा! अठराशे रुपये!" माझे आडनाव जोशी नाही. पण आनंदाच्या भरात ते सगळ्यांनाच जोशीबुवा म्हणतात.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हिशेब कागदावर मांडल्याशिवाय मला भावना होत नाहीत. भाची थांबली असती तर १,८०० वाचले असते. शिवाय ४०,९९० रुपये तेवढे दिवस अडीच टक्क्यांनी बचत खात्यात पडून राहिले असते, त्याचे १३८ रुपये व्याज. एकूण फायदा १,९३८. ५ ऑगस्ट ते २३ सप्टेंबर दिवस झाले ४९. भागाकार केला: दिवसाला ३९ रुपये ५५ पैसे. सायबर कॅफेत एका तासाला चाळीस. म्हणजे एका तासाच्या भाड्यापेक्षा पंचेचाळीस पैसे कमी देऊन तिने रोजचे चोवीस तास घेतले होते. मी कागद हेडकॅशिअरपुढे सरकवला. त्यांनी तो दोनदा तपासला, बेरीज बरोबर निघाल्याचे पाहून हळहळले, आणि म्हणाले, "तरीपण अठराशे ते अठराशेच."

तेही खोटे नाही. शिलाईचे अठराशे रुपये उभे करायला माझ्या बहिणीला किती ब्लाउज शिवावे लागतात हे मला माहीत आहे. म्हणून थांबणाऱ्याला हसण्याचा हक्क मला नाही. ज्याचा जुना लॅपटॉप अजून रडतखडत चालतो, त्याने दसऱ्यापर्यंत जरूर थांबावे. एका पिढीने मागे पडलेली मॉडेले तेव्हा बरीच खाली येतात. पण त्याच्याही पुढे थांबणाऱ्याची गोष्ट ऐका. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी मेमरीच्या चिपा अशा काही उचलल्या की त्यांचे भाव कडाडले. दिवाळीत 'आणखी उतरेल' म्हणून जे जानेवारीच्या सेलसाठी थांबले त्यांना सेल मिळाला, भाव मिळाला नाही. सेलची तारीख कंपन्या ठरवतात, कर सरकार ठरवते, चिपा तैवान आणि कोरियात होतात. इतक्या ग्रहांची युती साधून मुहूर्त काढणे ज्योतिषालाही जमणार नाही, मग ज्याची सेमिस्टर चार महिन्यांत संपते त्याला कुठून जमावे?

तेव्हा समीक्षक या नात्याने माझा निष्कर्ष असा. सेलची जाहिरात ही भाषा, रस आणि गणित या तिन्ही अंगांनी श्रेष्ठ कलाकृती आहे. तिच्यात दोष एकच, आणि तो तिच्या आदर्श वाचकाविषयीच्या कल्पनेत आहे. ज्याला वस्तूची गरज नाही आणि थांबायला सवड आहे, असा रसिक तिला अभिप्रेत आहे. सेल त्याच्यासाठीच स्वस्त असतो, आमच्या हेडकॅशिअरांसाठी. विद्यार्थ्याजवळ पैसे थोडे असतात आणि वेळ त्याहून थोडा. जाहिरात त्याला पहिल्याचा तोटा मोठ्या अक्षरात दाखवते आणि दुसऱ्याचा चांदणी लावूनसुद्धा दाखवत नाही. म्हणून विद्यार्थ्याने आधी आपल्या गरजेची तारीख लिहावी, मग आपला कमाल आकडा लिहावा, दोन-तीन आठवडे रोजचा भाव टिपावा, आणि आपल्या तारखेच्या अलीकडे जो सेल येईल तोच आपला दसरा समजून सोने लुटावे. आणि एकदा घेतल्यावर निदान सहा महिने वर्तमानपत्र तिसऱ्या पानापासून वाचावे.

प्रोजेक्ट ऑक्टोबरात सादर झाला. भाचीचा फोन आला तेव्हा मी कॅश जुळवत होतो. "मामा, प्रोग्राम चालला," ती म्हणाली. "सरांनी विचारलं, कोणी लिहिला. मी हात वर केला."

"आणि फाईलला कव्हर?" मी विचारले.

"वाकडं बसलंय," ती म्हणाली. "त्या मुलाला सवय नाही."